जाताना दहा तास, येताना नऊ

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. पण या प्रवासातला सगळ्यात लांबलचक टप्पा पनवेल ते सहार विमानतळ हा होता. त्याविषयी लिहायला बसलो की आवाज चढतो, म्हणून सोडून देतो.

उलव्याच्या नव्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 ला देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली. घरापासून रिक्षाच्या अंतरावर विमानतळ, आणि जानेवारीत लंडनला जायचं तर खाडी ओलांडून सहारच गाठायचं!

शेजारच्या सीटवर एक आगरी आजी होत्या, नातवाला भेटायला निघालेल्या. विमानातलं जेवण त्यांनी बोटानं जरासं ढकलून पाहिलं आणि पिशवीतून कागदाची पुडी काढली. आदल्या रात्री लावलेल्या पोपटीतल्या, मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास दोन रांगांत पसरला. "खा रे," म्हणाल्या. मी खाल्ल्या; पुढ्यातलं पनीर तसंच राहिलं.

विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यातलं एक आजींचं. आता मुक्काम पुष्पकनगरला. उलव्याची सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनी उडवली, तेव्हाचे आवाज त्यांना अजून आठवतात. "आमच्या भाताच्या खाचरात विमानं उतरतात," त्या म्हणाल्या, "आन मला सहारला नेलं."

स्क्रीनवरच्या नकाशात खाली डावीकडे एडन दिसलं आणि माझी नजर तिथेच अडकली. पनवेलजवळच्या शिरढोणचे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके तिथल्या तुरुंगात 1883 मध्ये वारले. मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे तीन हजार किलोमीटर. विमानानं चार तासही लागू नयेत. "शिरढोण? माझ्या बहिणीचं सासर," आजी म्हणाल्या, आणि पुढची शेंग सोलली.

मग मुद्द्याचा प्रश्न आला. "जाताना दहा तास, येताना नऊ. वाट तर तीच. मंग?"

मी सरसावून सांगू लागलो: दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात तो कधी कधी ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे...

"भरती," आजींनी मला तोडलं. "बाबा होडी घेऊन खाडीत जायचा. भरतीच्या उलट निघालं की खांदे भरून यायचे. तिच्यासंगती आलं की वल्हं नुसतं धरून बसायचं. तसंच ना?"

तसंच. माझ्याकडे अजून बरीच वाक्यं शिल्लक होती. ती मी शेंगांबरोबर गिळली.

लंडनमधले बारा दिवस छत्री उघडण्यात आणि मिटण्यात गेले.

येताना वारा पाठीशी होता, नऊ तासांच्या आत मुंबई आली. रात्र होती. विमान पूर्वेकडून वळून नवी मुंबईवरून खाली येऊ लागलं, तेव्हा डावीकडे लांबवर उलव्याची धावपट्टी दिव्यांनी आखलेली दिसली. त्या उजेडात कुठेतरी आजींचं खाचर असणार. आम्ही ते मागे टाकलं, खाडी ओलांडली आणि सहारला उतरलो. पनवेल अजून लांब होतं.