राखेनंतरचं रान

लाक्षागृह जळाल्यावर पांडव ज्या एकचक्रानगरीत आसऱ्याला आले, ती म्हणजे आपलं केळझर, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बकासुर भीमानं इथंच मारला म्हणे. याला इतिहासाचा पुरावा मागायला मी जात नाही. घर जळालेल्यांना ओसरी देणारं गाव ही आठवण मला या गावाचं खरं धन वाटते.

मार्च संपता संपता सिद्धिविनायकाच्या टेकडीवर चढावं. विदर्भाच्या अष्टविनायकांतलं हे ठाणं. खाली नागपूर-वर्धा रस्ता, आणि बोरच्या जंगलाच्या दिशेनं उघडीबोडकी सागाची रानं. सागाचं पान पायाखाली पापडासारखं मोडतं. या दिवसांत कुठूनतरी धुराची रेघ उठते आणि टेकडीवरचं बोलणं थांबतं. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं, जाळरेषा काढतं. तरी रान पेटतंच, आणि ही आग बहुतेक वेळा माणसाच्या हातची असते. कोणी शेताचा धुरा जाळतो आणि वारा फिरतो. कोणी मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो.

रानाला लागून असलेलं शेतावरचं घर अशा वेळी आधी वरून जातं. फाटे जळतात, कवेलू खाली येऊन फुटतात, कुटाराचा ढीग दोन-दोन दिवस आतून धुमसत राहतो. कुडाची भिंत मात्र नीट पाहण्यासारखी असते. जिथं लिंपण जाड होतं, तिथं माती भाजून लाल झालेली, पण आतल्या पऱ्हाट्या शाबूत. जिथं पोपडे सुटले होते, तिथं आरपार भोक. पुन्हा बांधताना जाणती माणसं हेच ध्यानात ठेवतात. माती भिजवून, कुटार कालवून, तुडवून मुरू देतात आणि जाड हातानं लिंपतात. कुटार घरापासून लांब रचतात, भोवती नांगराची तासं फिरवून गवत मोडतात. हल्ली टिनाकडे ओढा आहे. टिन पेट घेत नाही, हे खरं. पण वर्ध्याच्या मे महिन्यात त्याखाली लेकरू निजवणं म्हणजे छळ. माझं मत अजून कवेलूंच्याच बाजूचं आहे.

तलाठी पंचनामा करतो, सोयरे बंडीभर लाकूड आणतात, मृगाच्या आत छप्पर चढतं. रानाचा पंचनामा मात्र वेगळा. पहिल्या पावसानं उतार हिरवे होतात आणि सगळे म्हणतात, आलं रान! तो तरोटा असतो, गवत असतं, मुळातून फुटलेले साग-पळस-तेंदू असतात. या झाडांना जळूनही उठता येतं. जे बी नुकतंच रुजलं होतं, ते गेलेलं असतं. जमिनीवर अंडी घालणारे रातवे, तित्तर गेलेले असतात. राख आणि वरची माती पहिल्याच सरीत नाल्याला लागते. म्हणून उतारावर समतल चर पावसाआधी खणावे लागतात, घळीत दगड रचावे लागतात आणि मग, सर्वांत अवघड म्हणजे, काही वर्षं तिकडे गुरं सोडायची नाहीत. ज्याच्या दावणीला बकऱ्या आहेत, त्याला हे सांगताना चाऱ्याची सोयही सांगावी लागते. नुसती बंदी टिकत नाही.

याच पांडवांतल्या अर्जुनानं पुढे खांडववन जाळायला हातभार लावला, हे मला सुटत नाही. त्या आगीतून सुटलेल्यांत मयासुर होता, शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं होती. मयानं पांडवांना सभा बांधून दिली. वन परत कोणी उभं केलं, ते कथेत येत नाही.

इथलं वन उभं करायचं तर मोहापासून सुरुवात करावी. म्हातारे मोह जागोजागी आहेत, पण त्यांच्या सावलीत पोरवयाचा मोह सापडत नाही, कारण तिथला पाला दरवर्षी जळतो. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली, तर फुलं मातीत पडत नाहीत आणि पाला पेटवायचं कारणच उरत नाही. मोह वेचणाऱ्या एका आजीनं मला सांगितलं होतं, "घर काय, दोन महिन्यात उभं रायते. मोहाले नातवापर्यंत थांबा लागते." त्यांनी बांधावरच्या एका रोपाला बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आहे आणि भोवतीचा पाला त्या हातानंच दूर लोटतात.