बोटातला थेंब आणि आमची वही

आषाढ लागला की लोणावळ्यात कपडे वाळत नाहीत आणि मुलांचे हात गरम होत नाहीत. अशाच एका रविवारी वस्तीतल्या विहारात आम्ही लहान मुलांच्या रक्ततपासणीचे शिबिर ठेवले. आम्ही पडलो कारकून. टोचण्याचे काम सिस्टरांचे, वही आमची. नाव, वय, हिमोग्लोबिन.

यंत्र हातात मावेल एवढे, बॅटरीवर चालणारे. बोटाला बारीक सुई टोचायची, पहिला थेंब पुसायचा, नंतरचा थेंब प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीत ओढून यंत्रात सरकवायची. मिनिटभरात आकडा. पूर्वी रक्त ॲसिडात मिसळून, पाणी घालत घालत डोळ्यांनी रंग जुळवीत. आमच्याकडे तर रक्त बाहेर पाठवले की रिपोर्ट चार दिवसांनी. तोवर वीटभट्टीवरचे कुटुंब कामशेतच्या पुढे गेलेले असायचे.

सव्वीसाव्या नंबरला आमची मंडळी आमच्याच धाकटीला घेऊन आली. वय ४. आकडा आला ७.८. पेन वहीवर टेकलेलेच राहिले.

“भाऊ, थांबा. लिहू नका तो,” सिस्टर म्हणाल्या. पोरीचे बोट गारठलेले, रक्त येईना म्हणून मदतीला बसलेल्या मुलीने ते दाबून दाबून पिळले होते. “पिळलं की अंगातलं पाणी रक्तात उतरतं, आकडा खाली येतो.” त्यांनी दुसरा हात कोमट पाण्यात धरला, चोळला, पुन्हा टोचले. पोरीने विहार डोक्यावर घेतला. ९.४.

“आता लिहा.”

पाच वर्षांखालच्या मुलाला साधारण ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. म्हणजे आमची दोन्ही आकड्यांत नापासच. मंडळी सर्वांदेखत म्हणाली, “सगळ्या वस्तीला पालेभाजी सांगत फिरता, आणि सकाळ-संध्याकाळ बशीत चहा हिला कोण पाजतं?” आम्हीच. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही, हे भाषणात आम्ही कितीदा बोललो असू!

हिशेबाचा माणूस असल्याने मग आम्ही मोठे आकडे शोधले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची महाराष्ट्रातली १०० पैकी ६९ मुले रक्त कमी असलेली, देशात ६७. ती तपासणीही बोटाच्याच थेंबावर. २०१६-१८ च्या दुसऱ्या देशव्यापी पाहणीत शिरेतून रक्त घेतले, तेव्हा १ ते ४ वर्षांच्या मुलांत हा आकडा ४१ आला. वर्षे आणि वयोगट थोडे वेगळे, तरी थेंब कसा घेतला याला किंमत आहे. पण ४१ सुद्धा काय कमी आहेत? आणि हो, पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे ठेवू नये. आमच्याकडच्या दमट हवेत पट्ट्या बिघडतात आणि यंत्र खुशाल चुकीचे बोलते.

डॉक्टरांनी वजन बघून लोहाचे औषध दिले, दोन महिने रोज. जंताची गोळीही दिली. शौच काळे होईल, घाबरू नका, हे आधीच सांगितले म्हणून बरे. नाहीतर आमच्या आईने बाटली फेकलीच असती. चहा बंद झाला. पहिला आठवडा पोर रिकामी बशी घेऊन आमच्यासमोर बसायची. वरणावर लिंबू पिळायचे मात्र तिला आवडले.

सप्टेंबरात पुन्हा तपासले. कोमट पाण्याची वाटी आम्हीच धरली, बोट कुणाला पिळू दिले नाही. १०.८. सिस्टर म्हणाल्या, औषध थांबवायचे नाही. वहीत तिच्या नावापुढे तिसरा आकडा लिहिला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.