सूर आणि उष्मा

वाद्य घडविणारा कारागीर म्हटला की डोळ्यांपुढे रंधा, सरस आणि लाकडाचा भुसा उभा राहतो. आमच्या हाती मात्र सोल्डरिंग आयर्न, चिमटा आणि मूठभर ट्रान्झिस्टर असतात. आम्ही अ‍ॅनालॉग सिंथेसायझरची मॉड्यूल्स आखतो व जुळवितो. लग्नसमारंभात बासरीपासून ढोलकीपर्यंत सर्व काही ऐकविणारा कीबोर्ड वाचकांनी पाहिला असेल. तो हा नव्हे. येथे प्रत्येक कामासाठी निराळी पेटी असते. एक स्वर निर्माण करते, दुसरी त्यातील तीक्ष्णपणा गाळते, तिसरी त्याची उठावणी आणि विराम ठरविते. या पेट्या वायरींनी एकमेकींस जोडावयाच्या, आणि कोणती कोणास जोडावी हे वाजविणाऱ्याने ठरवावयाचे.

या विद्येचा आरंभ साठीच्या दशकात अमेरिकेत झाला. न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साथीने आपली पहिली मॉड्यूल्स सिद्ध केली. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला हेही याच मार्गावर होते. बुक्ला यांना पियानोची पट्टी नकोशी होती. नव्या वाद्याने जुन्या सवयी का पाळाव्यात, हा त्यांचा आग्रह. आमचे मन तरीही मूग यांच्याकडे झुकते, कारण ज्यांच्यासोबत गावयाचे ती माणसे जुन्या सवयींचीच असतात. मूग यांचे एक यंत्र १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणून बसविले होते. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तेथे केलेली ध्वनिमुद्रणे २०२३ साली प्रसिद्ध झाली.

आम्हांस या कामास जुंपले ते आमच्या मामांनी. अनेक वर्षे त्यांनी चर्चच्या गायनवृंदास गाणी शिकविली. आता संधिवाताने बोटे आखडली आहेत आणि पेटीचा भाता हलविणे जमत नाही. नातवंडांना जुन्या चाली द्याव्यात, ही त्यांची तळमळ. विकतचा कीबोर्ड आणला तर म्हणाले, ‘‘अरे, यात सगळे आधीच शिजवून ठेवलेय. मुले ताल लावतात आणि मीच गप्प बसतो. मला एक सूर दे, न हलणारा.’’

न हलणारा सूर! मामांना काय ठाऊक, की त्यांनी या विद्येतील सर्वांत अवघड वस्तू मागितली होती.

सप्तक चढले की कंपनसंख्या दुप्पट होते. मूग यांच्या पद्धतीत विद्युत्दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो. अर्ध्या स्वरास सुमारे ८३ मिलिव्होल्ट पडतात. ही दुप्पट साधावयाची ती ट्रान्झिस्टरच्या अंगभूत गुणाने, कारण त्याच्या बेसवरील दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढला की प्रवाह दुप्पट होतो. पण हा आकडा खोलीच्या तपमानाचा. एका अंशागणिक तो सुमारे एकतृतीयांश टक्क्याने वाढतो. ऐकावयास क्षुल्लक, परंतु चार सप्तकांच्या पल्ल्यात सहा अंशांनी जवळजवळ अर्धा स्वर उतरतो. पहाटे जुळविलेला सूर दुपारी बेसूर व्हावयास तेवढे पुरे.

यावर उपाय आहे जोडीचा. अगदी सारख्या गुणाचे दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून चिकटवावयाचे, म्हणजे उष्मा दोघांना सारखाच लागतो आणि एकाचे विचलन दुसरा फेडतो. सारखी जोडी मिळणे मात्र कठीण. आम्ही शंभर-शंभर ट्रान्झिस्टर घेऊन बसतो, खिडकी लावतो, पंखा बंद करतो आणि एकेकाचा दाब मोजतो. बोट लावावयाचे नाही. एका अंशाने दाब दोन मिलिव्होल्ट घसरतो आणि आम्हांस हवा असलेला मेळही तेवढ्यातच बसावयाचा असतो. चिमट्याने उचलावा, ठेवावा, थांबावे. श्वासही बाजूस सोडावा. घामाने निथळत तीन-चार जोड्या हाती लागल्या की तो दिवस सार्थकी लागला असे आम्ही मानतो.

जोडीने सर्व भागत नाही. तो एकतृतीयांश टक्का उरतोच. त्यासाठी उष्म्याबरोबर त्याच प्रमाणात वाढणारा एक खास रोध त्या जोडीस चिकटवून बसवितात. काही रचनाकार ट्रान्झिस्टर मुद्दाम तापवून ठेवतात, म्हणजे बाहेरच्या हवेचा प्रश्नच मिटतो. आम्हांस रोधाची रीत अधिक सोज्वळ वाटते, विजेचीही बचत.

गेल्या एप्रिलमध्ये भर दुपारी दोन वाजता मामांना बोलावले. सकाळी सहाला लावलेला खालचा सा अजून वाजत होता. त्यांनी डोळे मिटून त्यावर आवाज लावला, मग नातीला वरच्या सप्तकातील पट्टी दाबावयास सांगितली, पुन्हा त्याहून वरची. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पोरांना हाक मार.’’

सर्वांत वरच्या सप्तकात स्वर अद्याप किंचित उतरतो. त्यासाठी एक बारीक स्क्रू आहे. तो फिरविण्याचा स्क्रूड्रायव्हर मामांनी आमच्याकडून मागून घेतला आणि चष्म्याच्या डबीत ठेवला.