आग्रा रोडने गेलेला प्रशिक्षक

चंद्रकांत पंडित यांचा जन्म १९६१ चा, मुंबईतला. रमाकांत आचरेकरांच्या तालमीत घडलेला हा यष्टिरक्षक-फलंदाज १९८६ मध्ये हेडिंग्लेवर पहिली कसोटी खेळला आणि १९९२ मध्ये पाचवी, ती शेवटचीच. यष्टीमागची जागा किरण मोरे यांची होती. १९८७ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्याला दिलीप वेंगसरकर आजारी पडले, म्हणून वानखेडेवर पंडितांना घेतले गेले. त्यांनी २४ धावा काढल्या, भारत हरला. कुणाची तरी जागा रिकामी झाली तरच आपला नंबर लागणार, हे ओझे घेऊन खेळणे सोपे नसते.

मुंबईचा आग्रा रोड धुळे, शिरपूर करत पळासनेरजवळ राज्याची हद्द ओलांडतो आणि सेंधव्यावरून इंदूरला पोचतो. पंडितही पुढे मध्य प्रदेशाकडून खेळू लागले. १९९९ च्या वसंतात ते कर्णधार असताना संघ रणजीच्या अंतिम फेरीत पोचला. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडीही मिळाली. शेवटच्या दिवशी मात्र फलंदाजी कोसळली आणि करंडक हातचा गेला.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००३, २००४ आणि २०१६ मध्ये रणजी जिंकून दिली. तरी त्यांचे मोठे काम विदर्भातले. कधी अंतिम फेरीही न पाहिलेल्या या संघाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक उचलला. शिस्त कडक, वेळेला सूट नाही, नावाची भीड नाही. मुंबईचा तो प्रसिद्ध खडूसपणा त्यांनी नागपुरात रुजवला. खानदेशाने हे नीट पाहावे. जळगाव-धुळ्याच्या मुलाची रणजीची वाट पुण्याहून, महाराष्ट्राच्या संघातून जाते, आणि महाराष्ट्राने रणजी जिंकली ती अखेरची १९४०-४१ मध्ये. गुणी पोरांची वाण विदर्भातही नव्हती. त्यांना कुणी अखेरपर्यंत धरून ठेवणे बाकी होते.

२६ जून २०२२. तेच चिन्नास्वामी, समोर मुंबई. मध्य प्रदेशाने सहा गडी राखून पहिल्यांदा रणजी जिंकली. तेवीस वर्षांपूर्वी इथूनच रिकाम्या हाताने परतलेल्या पंडितांना पोरांनी खांद्यावर घेतले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांनी कोलकात्याने त्यांच्याच हाताखाली आयपीएलही जिंकली.