मोरपिसाचा देठ

मेहरूणची बोरं पिकायला लागली की माळ्यावरची वेळूची काठी खाली यायची. तंगूस दर वर्षी नवा, गळ नवा, शिशाचा मणीही नवा. जुना एकच, मोरपिसाचा देठ. वीतभर लांब, आत भेंडासारखा पांढरा गर, टोकाला आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. वाटेत सापडलेल्या पिसाचा डोळा नानांनी मला दिला आणि देठ स्वतःला ठेवला. तेव्हा मला वाटलं, चांगला भाग माझ्याकडे आला.

पाण्यात पडला की देठ आधी आडवा लोळतो. शिशाचा भार लागला की ताठ उभा राहतो, बोटभर डोकं वर. जळगावच्या मेहरूण तलावात हातभर खालचं काही दिसत नाही. ते सगळं हाच सांगतो. चिलापी आली की टकटक, टकटक, नुसती घाई. रोहू मधल्या पाण्यातला. तो आला की देठ थरथरतो, थांबतो, मग तिरका सरकत निघतो. मृगळ तळाशी चरतो. कणकेची गोळी तोंडात धरून तो वर उठला की शिसंही उचललं जातं, भार सुटतो आणि देठ चक्क आडवा पडतो. नवख्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. नाना नेमका तेव्हाच हिसका द्यायचे. एरवी माझा हात दाबून धरायचे, "दम धर, त्याले खाऊ दे."

धुळ्याच्या नकाणे तलावावर वारा मोकळा. तिथे लाटांवर देठ उगाच डोलायचा. नानांनी आणखी एक मणी लावला, नुसता ठिपका वर ठेवला, तेव्हा कुठे तो खरं बोलायला लागला.

हल्ली मेहरूणला तो एकदम खाली ओढला जातो आणि वर येते निर्माल्याची पिशवी. गणपतींचं प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. मृगळ चरतो त्याच तळावर ते साचतं. मला याचं फार वाईट वाटतं. देठाचा यात दोष नाही. जे ओझं लागलं, तेच त्याने सांगितलं.

नाना आता नाहीत. यंदा काठी काढली तर ठिपका उडालेला. मुलीने तिच्या बाटलीतला गुलाबी लावला. तो लांबूनही दिसतो.