दोन बोर्डांमधला प्ले

भोसरीतल्या ज्या छोट्या कंपनीत मी हार्डवेअर डिझाइन करते, तिथे इलेक्ट्रिक स्कूटरचे क्लस्टर बनतात. क्लस्टर म्हणजे हँडलजवळचा वेग आणि बॅटरी दाखवणारा डिस्प्ले. मी रुजू झाले तेव्हा एका जुन्या मॉडेलच्या तक्रारी आधीपासूनच येत होत्या. खड्ड्यात गाडी आदळली की डिस्प्ले जातो, टपली मारली की परत येतो. डिस्प्ले पुरवणाऱ्याच्या नावाने खडे फोडून झाले होते, फर्मवेअरही बदलून पाहिलं होतं. टपलीने बरं होणारं दुखणं सहसा फर्मवेअरचं नसतं, एवढं तरी उघड होतं.

परत आलेले नग आम्ही उघडले. आत दोन बोर्ड समोरासमोर, आणि त्यांच्यामध्ये दोन्ही टोकांना २.५४ मिलिमीटर पिचची पिन हेडर, म्हणजे बाजारात जिला बर्ग स्ट्रिप म्हणतात ती. मायक्रोस्कोपखाली धरल्यावर कडेच्या पिनांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर दिसली. नखाने पिन जराशी रेटली की चीर उघडायची, सोडली की मिटायची. सॉकेटमधून उपसलेल्या पिनांवर काळसर भुकटीचे ठिपकेही होते. ती भुकटी कथिलाच्या ऑक्साइडची. कथिलाचा मुलामा असलेली पिन सॉकेटमध्ये काही मायक्रॉन जरी सतत पुढेमागे घासत राहिली, तरी दर वेळी ताजं कथिल उघडं पडतं, त्यावर ऑक्साइड धरतं, ते पुन्हा घासलं जातं आणि संपर्काच्या जागी वीज न वाहू देणारा थर साचत जातो. याला फ्रेटिंग म्हणतात. टपली मारली की पिन थोडी सरकते, थर फुटतो, आणि स्कूटरवाल्याचा दिवस निभावतो.

बोर्ड स्क्रूने आवळलेले असताना ही हालचाल येते कुठून? डिस्प्लेचा बोर्ड पुढच्या पॉलिकार्बोनेटच्या कव्हरला बसवलेला, मुख्य बोर्ड मागच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटला. उन्हात उभ्या स्कूटरचा काळा क्लस्टर साठ-पासष्ट अंशांपर्यंत सहज जातो. चाळीस अंशांच्या फरकाला १०० मिलिमीटर लांबीत ही दोन द्रव्यं एकमेकांपेक्षा जवळपास ०.२ मिलिमीटरने कमी-जास्त वाढतात. त्यात कनेक्टर बोर्डावर बसताना इकडेतिकडे होणारा एखादा दशांश, आणि ३.२ च्या भोकातून जाणाऱ्या एम-३ स्क्रूचा प्ले. दोन ताठ कनेक्टर आणि वर स्क्रू, सगळ्यांनी मिळून बोर्डाची जागा ठरवायची म्हटली की ती कुणाच्याच मापाने जुळत नाही, आणि उरलेला ताण सोल्डरवर येतो. दोन बोर्डांमध्ये ताठ कनेक्टरची जोडी एकच असावी, हा माझा हट्ट तेव्हापासूनचा. डिझाइन रिव्ह्यूमध्ये त्यावरून अजूनही वाद होतात.

मग बर्ग स्ट्रिपच्या जागी काय? वायर हार्नेसचा विचार लवकरच सोडला, तीस लाइनींचा गुंता त्या जागेत मावणारा नव्हता. उरले दोन मार्ग. एक, चपटी एफएफसी केबल आणि तिच्यासाठी झाकण मिटून केबल धरणारा झिफ कनेक्टर. दुसरा, फ्लोटिंग बोर्ड-टू-बोर्ड कनेक्टर.

एफएफसी स्वस्त, पातळ, आणि बोर्ड कसेही सरकले तरी तिला फरक पडत नाही. पण तिचे लाड फार. अर्ध्या मिलिमीटरच्या पिचला तारेची रुंदी ०.३ आणि जाडी ०.०३५ मिलिमीटर धरली, तर १०० मिलिमीटरला साधारण ०.१६ ओहम रोध येतो. बॅकलाइटचा करंट एकाच तारेतून नेला तर डिस्प्ले मंद होणारच. म्हणून सप्लायला आणि ग्राउंडला चार-चार तारा दिल्या. अशा कनेक्टरच्या डेटाशीटवर बहुधा ०.५ अँपिअर प्रति पिन लिहिलेलं असतं, पण शेजारच्या सगळ्या पिना भरलेल्या असल्या की तो आकडा खाली आणावा लागतो. मुलामा दोन्ही बाजूंना सोन्याचाच हवा. केबलला कथिल आणि कनेक्टरला सोनं, ही काटकसर फ्रेटिंगला परत बोलावते. शिवाय शिसेविरहित कथिल दाबाखाली राहिलं की त्यातून केसासारखे धातूचे तंतू फुटतात आणि अर्ध्या मिलिमीटरवरच्या शेजारणीला जाऊन भिडू शकतात.

सगळ्यांत घोळ होतो तो संपर्काच्या बाजूचा. केबलची उघडी टोकं एकाच बाजूला की उलटसुलट, कनेक्टरचा संपर्क वर की खाली, आणि घडी कुठे, यावर एक नंबरची पिन समोर एकला मिळते की तिसाला, हे ठरतं. स्क्रीनवरच्या थ्रीडी मॉडेलवर माझा याबाबत विश्वास नाही. मी कागदाची पट्टी कापते, एका कडेला लाल रेघ ओढते, दोन बोर्डांच्या प्रिंटआउटवर ती टेपने चिकटवून घडी घालते आणि लाल रेघ कुठे उतरते ते पाहते. नवी मुलं हसतात. हसू देत.

सँपल लाइनवर नेली तेव्हा मात्र खरी परीक्षा झाली. जोडणी करणाऱ्या मावशींनी केबल सरकवली, झिफचं झाकण दाबलं आणि म्हणाल्या, "ताई, हे लागलं का नाही तेच कळत नाही. काळ्यावर काळं." बरोबर होतं. मग झाकण वेगळ्या रंगाचं, मिटताना टक्क आवाज करणारं असं मॉडेल शोधलं, आणि केबलवर आडवी पांढरी रेघ छापून घेतली. रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर नसेल तर केबल तिरकी गेली. डेटाशीटमध्ये हा गुण कुठल्याच तक्त्यात नसतो. झिफ उघड-मीट करण्याची मर्यादाही अनेकदा वीस-तीस वेळांचीच असते. टेस्टिंग आणि रिपेअरमध्येच त्यातल्या निम्म्या संपल्या तर ग्राहकाकडे काय पोचणार? म्हणून टेस्ट फिक्स्चरला स्प्रिंगच्या पोगो पिनांनी वेगळ्या पॅडवर जोडायचं ठरवलं.

फ्लोटिंग कनेक्टरची करामत मला जास्त आवडते. त्याचं प्लास्टिकचं अंग दोन भागांत असतं, एक बोर्डाला सोल्डर केलेला, दुसरा मोकळा, आणि मध्ये वळणदार स्प्रिंगसारखे संपर्क. हिरोसेच्या एफएक्स२३ मालिकेत दोन्ही आडव्या दिशांना ०.६ मिलिमीटरपर्यंत सरकायला वाव आहे. आमच्या ०.२ ला तो पुरून उरतो. कव्हर मिटलं की बोर्ड आंधळेपणाने एकमेकांत बसतात, केबल नाही, झाकण नाही. फक्त त्याच्या भरवशावर बोर्ड लटकवायचा नाही. स्क्रू हवेतच, आणि दोन बोर्डांमधलं अंतर स्टँडऑफने नेमकं राखायला हवं.

पण हे सगळं २०२१ मध्ये चाललं होतं. जगभर पार्टचा दुष्काळ होता, आणि फ्लोटिंगसाठी सांगितलेली लीड टाइम ऐकून आमच्या परचेसवाल्यांनी फोन माझ्याकडेच दिला. एफएफसी मिळत होती. पहिला माल तिच्यावर गेला.

डिस्प्ले जाण्याच्या तक्रारी थांबल्या. वेगळ्याच सुरू झाल्या. सर्व्हिस सेंटरमधले मेकॅनिक कव्हर उघडताना ते सरळ ओढत, आणि आखूड केबल झिफमधून उपटून निघे, कधी फाटे. केबल लांब केली तर घडी कुठे पडेल याचा नेम राहत नव्हता. पुढच्या व्हर्जनला फ्लोटिंग बसवला. खर्च वाढला, त्यावर मालकांशी बोलाचाली झाली. शेवटी वॉरंटीत परत आलेल्या नगांचा हिशोब पुढे ठेवल्यावर मान्य झालं.

स्वस्तातल्या मॉडेलला अजून एफएफसीच आहे. परचेसवाले मधूनच पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तशाच दिसणाऱ्या केबलचं पाकीट आणून टेबलावर ठेवतात. "मॅडम, पिच तोच, पिना तेवढ्याच, किंमत निम्मी." मी टोक मायक्रोस्कोपखाली धरते. पिवळं दिसलं तर मुलाम्याच्या जाडीचा कागद मागते, पांढरं दिसलं तर पाकीट प्रोटोटाइपच्या खणात टाकते. तिथे ती केबल उत्तम चालते.