माळ माझ्या गळ्यात, ताट मुलांचं

मी माळकरी. आमच्या घरात अंडं येत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा शासन निर्णय निघाला, तेव्हा शाळेतल्या सगळ्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं. "बाई, तुम्हाला चालंल का?" पण मला चालण्या-न चालण्याचा प्रश्न होताच कुठे? शाळा जिल्हा परिषदेची, पैसा सरकारचा, आणि खाणारी पोरं वस्त्यांवरची. त्यांच्या घरी कोंबड्या असतात, पण अंडी बाजारात जातात. त्या पैशातून तेल-मीठ येतं.

अंड्याच्या दिवशी स्वयंपाकाच्या ताई एका पातेल्यात उकडलेली अंडी ठेवायच्या, शेजारी केळी. न खाणाऱ्याला फळ द्यायचं, हे निर्णयातच होतं. मार्गशीर्षात तर नेहमी खाणारी दोघं-तिघंही म्हणाली, "बाई, केळं द्या, आमच्यात महिना पाळत्यात." शेजारचा पोरगा अंडं सोलत होता. कुणी कुणाला हसलं नाही.

हसली नाहीत ती पोरं. भांडली मोठी माणसं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत कुणी म्हणालं, विद्येच्या मंदिरात हे नको. कुणी म्हणालं, निदान खाणाऱ्यांची पंगत वेगळी बसवा. पंगत वेगळी हे ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी म्हटलं, "ज्याला नको त्याला केळं आहे. ज्याला हवं त्याच्या ताटातलं काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि माळ घातली म्हणून मलाही नाही." राज्यघटनेचं 28वं कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला मनाई करतं. त्यात जेवणाचा उल्लेख नाही, पण जो धर्म फळ्यावर शिकवायचा नाही तो ताटातून का शिकवावा?

जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबला. द्यायचं तर लोकसहभागातून द्या, असं ठरलं. आमच्या गावात वर्गणी देण्याची ऐपत ज्यांची, त्यातल्या बऱ्याच जणांचा अंड्याला विरोध. आणि ज्यांच्या पोरांना ते हवं, ते आईबाप तेव्हा उसाच्या फडात.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मी अंड्याचा विषय पुन्हा घेतला आहे. वर्गणीच्या यादीत पहिलं नाव माझं आहे.